पंधरा तासांचा दिवस

कोडोली, ता. पन्हाळा
१४ ऑक्टोबर २०२४

बाई,

मी गणपतराव चौगुले, राजवर्धनचा बाप. भूगोलाच्या तासाला कपाटातनं पृथ्वीचा गोल काढून आणायचं काम तुमी ज्याला दिलं हुतं, तो राजू. ओळख पटली असंल. तुमचा पत्ता शाळेतल्या क्लार्ककडनं घेतला. दर दिवाळीला शाळेला तुमचं पाकीट येतं, त्याच्यावर हुता.

माझं एक काम हाय. तुमी हसाल, पण हसून झाल्यावर करा.

मोबाईलवर एक माणूस हाय, हिंदीत बोलतो. तो म्हणतो, पृथ्वी गोल न्हाय, परातीसारखी सपाट हाय. मधोमध उत्तर ध्रुव, कडंनं बर्फाची भिंत, आणि सूर्य वरनं बॅटरीसारखा गोल फिरतो. उन्हाळ्यात आतल्या अंगानं फिरतो, थंडीत बाहेरल्या अंगानं, म्हणून ऋतू. मी त्याचे सगळे व्हिडिओ बघितले. दुसरा एक हाय, तो म्हणतो पहिला खोटारडा. दोघंबी मोठ्यानं बोलतात. मोबाईलवर कोण बी काय बी करून दाखवतंय. मला ओळखीच्या माणसानं सोताच्या डोळ्यानं बघून, सोताच्या हातानं लिवलेलं पायजे.

तुमी तिकडं ऑस्ट्रेलियाच्या बी खालच्या बेटावर लेकीकडं ऱ्हाता असं क्लार्क म्हणला. तिथं सूर्य किती वाजता उगवतो आणि किती वाजता बुडतो, एवढंच बघून कळवा. पुस्तकातनं उतरवून नको. दिवस डिसेंबरातला पायजे, बावीस तारखेच्या आसपासचा.

मी दहावी नापास माणूस. पण चाळीस वर्सं शेतात सूर्य बघितलाय. दिवाळीनंतर तो पन्हाळ्याच्या अंगाला सरकत सरकत बुडतो, संक्रांतीनंतर माघारी फिरतो, हे मला कुणी शिकवाय लागलं न्हाय. त्या माणसाचं खोटं असलं तर खोटं म्हणा. पण बघून म्हणा.

गणपतराव


होबार्ट
६ नोव्हेंबर २०२४

गणपतराव,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी नातीला भरवत होते. पाकिटावर ‘कोडोली’ वाचलं आणि वाटीतला भात तसाच राहिला. अंतरा म्हणाली, “आई, कुणाचं पत्र?” म्हटलं, “माझ्या शाळेचं.”

मी हसले नाही. तीस वर्षं मी मुलांकडून ‘पृथ्वी गोल आहे’ हे पाठ करून घेतलं. “बाई, कशावरून?” असं उभं राहून विचारणारी मुलं सगळी मिळून चार-पाच. त्यातला एक तुमचा राजवर्धन. आता कळलं, हे कुठून आलं त्याच्यात.

तुमचं निरीक्षण चोख आहे. दोन-तीन दिवसांत तिकडे अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असेल, मावळतीचे किरण थेट मूर्तीवर. नोव्हेंबरात किरण येतात ते सूर्य दक्षिणेला जाताना, आणि जानेवारी संपताना पुन्हा येतात ते परतीच्या वाटेवर. सूर्य सरकतो हे तुम्ही आणि तो हिंदीवाला, दोघेही मानता. प्रश्न एवढाच, की सपाट परातीवर तो सरकला तर माझ्याकडे दिवस केवढा व्हायला हवा?

मग आधी ते बघू. खरोखरीची परात घ्या. मधोमध ज्वारीचा एक दाणा ठेवा, तो उत्तर ध्रुव. मधल्या वर्तुळावर एक दाणा, तो विषुववृत्त. अगदी कडेच्या जवळ एक, ती मी. वरून बॅटरी धरून सावकाश फिरवा, आधी मधल्या वर्तुळावरून, मग डिसेंबरातल्यासारखी बाहेरून. एका फेरीला चोवीस आकडे मोजा, एक आकडा म्हणजे एक तास. कुठल्या दाण्यावर किती आकडे उजेड राहतो ते लिहून पाठवा. मी इथे बावीस तारखेला सकाळपासून बसेन. तुमची परात आणि माझं अंगण जुळलं तर तो माणूस खरा. आहे कबूल?

राजवर्धन सध्या कुठे असतो? जहाजावर लागला, लग्न झालं, एवढं कानावर आलं होतं. पत्रिकाही आली होती. मला इथून निघता आलं नाही. सुट्टीवर आला की हे पत्र त्याला दाखवा. खूप आनंद होईल त्याला.

राजवर्धनच्या आईला, बनाबाईंना, नमस्कार.

सरोजिनी सांगवडेकर


कोडोली
२७ नोव्हेंबर २०२४

बाई,

कबूल.

परात केली. गोठ्याचं दार लावून घेतलं, फटीवर पोतं टाकलं, अंधार केला. पयल्यांदा हात हालायचा, म्हणून छताच्या वाशाला दोरी बांधून बॅटरी टांगली आणि फिरवली. तीनदा मोजलं, तिन्ही येळा सारखंच.

बॅटरी मधल्या गोलावरनं फिरवली तर तिथल्या दाण्याला बारा आकडे उजेड. बरोबर बसलं. मग बाहेरनं फिरवली. कडंला गोल मोठा हाय न्हवं, पण फेरी चोवीस आकड्यातच पुरी करायची, म्हंजे बॅटरीला पळाय लागतं. आली म्हणेपतूर गेली. तुमच्या दाण्याला आठ आकडे उजेड पडला, एकदा नऊ.

म्हंजे त्या माणसाचं खरं असंल तर तुमच्याकडं डिसेंबरात दिवस आठ-नऊ तासांचा असला पायजे. बारा तर हुतच न्हाय. पंधरा तर न्हायच न्हाय.

मी मोजत असताना बनाबाई दार ढकलून आत आली. म्हणली, “काय चाललंय?” म्हणलं, “पृथ्वी बघतोय.” ती म्हशीला पाणी दावून गेली.

राजूचं इचारलंत. राजू जहाजावरच हाय.

तुमी बावीस तारीख चुकवू नका. ढग आलं तर तेवीसला बघा. पण बघाच.

गणपतराव


कोडोली
१४ डिसेंबर २०२४

आदरणीय बाई,

मी संयोगिता, राजवर्धनची बायको. आपण कधी भेटलो नाही. तुमचा इथला जुना नंबर लागत नाही, म्हणून मामंजींना आलेल्या तुमच्या पाकिटावरून पत्ता उतरवून घेतला. हे पत्र मी त्यांना न सांगता लिहिते आहे.

बाई, राजवर्धन नाहीत. गेल्या जानेवारीच्या अकरा तारखेला गेले. जहाज दक्षिण आफ्रिकेहून ऑस्ट्रेलियाला गहू भरायला रिकामंच निघालं होतं. वाऱ्यानं डेकवरची एक साखळी सुटली, ती बांधायला तिघं गेले. दोघं परत आले. जहाज दीड दिवस तिथंच फिरत राहिलं, मग पुढं गेलं. काही सापडलं नाही. कंपनीनं जागा कळवली आहे, अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांत. त्या आकड्यांवर पाण्याशिवाय काही नाही.

मामंजी मानत नाहीत. आधी नुसते गप्प असायचे. मग त्यांना मोबाईलवर तो सपाट पृथ्वीवाला सापडला. त्याच्या नकाशात आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया परातीच्या दोन लांबच्या कडांना आहेत. मामंजींनी दोरीनं अंतर मोजलं आणि म्हणाले, एवढ्या दिवसांत जहाज त्या जागी पोचतंय कसं? म्हणजे कंपनी खोटं बोलते. म्हणजे जहाज तिथं नव्हतंच. म्हणजे राजू तिथं पडलाच नाही. कुठंतरी उतरवलाय, येईल. त्या दिवसापासून ते नीट जेवू लागले. म्हणून आम्ही दोघी काही बोललो नाही.

आणखी एक आहे. जायच्या आदल्या दिवशी ह्यांचा मेसेज आला होता. “आज सूर्य उगवल्यापासून बुडेपर्यंत मोजलं. पंधरा तासांचा दिवस. आबांना सांग. सरोजिनीबाई भेटल्या तर त्यांना पण.” मामंजी म्हणतात, जानेवारीत पंधरा तासांचा दिवस असतोय व्हय? हे राजूनं लिवलेलंच न्हाय, कुणीतरी त्याच्या नावानं लिवलंय. पण त्या मेसेजच्या शेवटी मला एका नावानं हाक मारलेली आहे, आणि ते नाव जगात दुसऱ्या कुणाला माहीत नाही. ते मी सासऱ्यांपुढं कसं धरू?

कंपनीच्या कागदावर मामंजी सही करत नाहीत. गारगोटीहून माझे वडील दोनदा न्यायला आले, तर म्हणाले, नवरा जहाजावर असताना बायको माहेरी कशाला? मी रोज कुंकू लावते. लावायचं की नाही, हे मला कुणी सांगत नाही.

मी तुम्हाला खोटं लिहा म्हणत नाही. तुम्ही खरं तेच लिहा. फक्त पत्र टाकायच्या आधी मला कळवा. खाली माझा नंबर देते. पत्र येईल त्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसेन, आत्तींना, म्हणजे सासूबाईंना पण बसवेन, आणि मग ते त्यांच्या हातात देईन. एवढंच.

आपली,
संयोगिता


होबार्ट
२३ डिसेंबर २०२४

गणपतराव,

काल सगळं झालं, आणि ढगाचा एक पुंजकासुद्धा आडवा आला नाही!

पहाटे पाचला अंगणात खुर्ची टाकून बसले. अंगावर शाल, हातात घड्याळ. अंतराच्या शेजारीण बाईंनी कुंपणावरून विचारलं, काही हवंय का? म्हटलं, सूर्य. आमच्या पूर्वेला नदी आहे आणि पलीकडे टेकड्या. पाच चाळीसला पहिली कोर वर आली, तीही पार आग्नेयेला. तुमच्या त्या माणसाच्या नकाशाप्रमाणे ती ईशान्येला दिसायला हवी होती. दुपारी सूर्य उत्तरेच्या आकाशात आणि माझ्या काठीची सावली दक्षिणेला. कोडोलीत या दिवसांत दुपारी ती उत्तरेला पडत असेल. संध्याकाळी पश्चिमेच्या डोंगरामागे तो गेला तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यानंतरही पलीकडच्या टेकड्यांच्या माथ्यावर बराच वेळ ऊन होतं.

आता हिशेब तुम्हीच करा. टेकड्यांनी सकाळी थोडा चोरला, डोंगरानं संध्याकाळी थोडा चोरला, तरी हातात उरला तो चौदा तास चाळीस मिनिटांचा दिवस! परातीवर तो आठ-नऊचा हवा होता.

तुम्ही लिहिलं होतं, “पंधरा तर न्हायच न्हाय.” नेमका पंधराच आकडा कुठून सुचला तुम्हाला? कारण तोच बरोबर आहे. मोकळ्या समुद्रावर, जिथे टेकडी नाही की डोंगर नाही, तिथे या दिवसांत पंधरा तास पुरे भरतात. राजवर्धन कधी या बाजूच्या पाण्यातून गेला असेल तर त्यालाच विचारा. तो मोजून ठेवणारा मुलगा आहे.

तेव्हा गणपतराव, त्या हिंदीवाल्याला आता निरोपाचा नारळ द्या, आणि परात धुऊन बनाबाईंना परत करा. त्यांचं पीठ मळायचं अडलं असेल.

खरं सांगू, इथे आल्यापासून एवढा चांगला दिवस माझा गेला नव्हता. कुणीतरी मला पुन्हा बाई केलं. आज दुपारी स्वतः चालत जाऊन हे पत्र पेटीत टाकते.

सरोजिनी सांगवडेकर


होबार्ट
४ जानेवारी २०२५

प्रिय संयोगिता,

तुझं पत्र काल मिळालं आणि आज सकाळी मी तुला फोन केला. फोनवर मला धड काही बोलता आलं नाही. तूच मला “बाई, असू दे, बाई, असू दे” म्हणत राहिलीस. म्हणून लिहिते.

माझं पत्र तेवीस तारखेलाच पेटीत पडलं होतं. त्यात मी काय लिहिलं आहे ते तुला सांगितलं, पण कसं लिहिलं आहे ते सांगायची हिंमत झाली नाही. मी थट्टा केली आहे, संयोगिता. मी लिहिलं आहे, राजवर्धनलाच विचारा.

आज सकाळी तुझ्याशी बोलून झाल्यावर त्याचा चेहरा आठवत बसले. आठवीत होता. गोल हातात धरून त्यानं मला विचारलं होतं, “बाई, खालच्या बाजूला येवढं पाणी, तिकडं कोण जातंय का न्हाय?” वर्ग हसला. मी म्हटलं, “तू जा आणि मला सांग.” असं वाक्य शिक्षक दिवसातून दहा वेळा बोलतात. पण त्यानं मोजलं, आणि मला सांग म्हणून निरोप ठेवला.

तू म्हणालीस, आता रोज पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसेन, पत्र आधी माझ्या हातात येईल. तसंच होवो. ते पत्र फाडून टाकावंसं वाटलं तर टाक. मी दुसरं लिहीन, नीट, तेच आकडे घालून. आकडे मला बदलता येणार नाहीत. तूही तसं म्हणाली नाहीस, याबद्दल तुझ्यापुढे हात जोडते.

कुंकवाचं तू मला विचारलेलं नाहीस, तरी सांगते. लावावंसं वाटलं तर लाव. दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघू नकोस.

तुझी,
सरोजिनीबाई


कोडोली
१९ जानेवारी २०२५

बाई,

तुमचं पत्र मिळालं. सूनबाई धा दिवस ओट्यावर बसून हुती, का ते मला ठावं न्हवतं. पोस्टमन मला सकाळी डेअरीवर भेटला. म्हणला, “आबा, तुमचं परदेशी पाकीट हाय, घरापतूर कशाला येऊ?” कॅन बाजूला ठिवून तिथंच वाचलं.

तुमच्यावर राग आलता. खोटं कशाला सांगू? राजूला विचारा म्हणून लिवलंत. मग ध्यानात आलं, मीच तुमाला लिवलं हुतं, राजू जहाजावर हाय. तुमाला कोण सांगणार? तुमच्याकडनं चूक झाली न्हाय. मी सांगितलं तसं तुमी बघितलं, आणि बघितलं ते लिवलं.

चौदा तास चाळीस मिनिटं. डोंगर नसता तर पंधरा. राजूनं पंधरा लिवलं हुतं. म्हंजे तो मेसेज त्याचाच. म्हंजे जहाज तिथंच हुतं. म्हंजे कंपनीनं सांगितली ती जागा खरी. मी वर्षभर एक एक करून जे रचलं हुतं, ते त्याच वाटंनं माघारी खाली आलं. डेअरीवाला म्हणला, “आबा, दूध सांडतंय.” पाय लागून कॅन कधी कलंडला मला कळलं न्हाय.

घरी येऊन बनाबाईला म्हणलं, “राजू गेला.”

ती तांदूळ निवडत हुती. वर बघितलं न्हाय. म्हणली, “व्हय.”

म्हणलं, “त्याचं काय करायचं ते करूया आता.”

ती म्हणली, “ते झालंय.”

बाई, गेल्या चैतात ती भावाकडं जाते म्हणून गेलती, चार दिवस. तिचा भाऊ केरबा वारणेच्या काठाला ऱ्हातो. तिथं दोघांनी भटजी बोलवून, दर्भाचा पुतळा करून, त्याला अग्नी देऊन, सगळं केलं. माझ्या पोराचं. मी इथं म्हशीचं दूध काढत हुतो.

मी ओरडलो. म्हणलं, “बाप जिता असताना मामाच्या हातनं? मला न सांगता? मी मेलतो काय?”

ती शांतपणानं म्हणली, “तुमी हुता कुठं? तुमी मोबाईलात हुता. मी कुणाला सांगू? त्या बॅटरीला?”

तीन दिवस आमी बोललो न्हाय. चौथ्या दिवशी मी तिला इचारलं, “पुतळ्याला काय घातलं हुतंस?” म्हणली, “त्याचा निळा सदरा.” तो सदरा मी वर्षभर हुडकत हुतो. तेवढ्यावर आमी दोघं बसलो, संध्याकाळपतूर. ती पयल्यांदा माझ्या म्होरं रडली. मला वाटायचं, ही बाई रडत कशी न्हाय.

त्या माणसाचे व्हिडिओ मी आता बघत न्हाय. त्याच्यावर माझा राग न्हाय. त्यानं मला वर्षभर पोरगं दिलं.

बाई, आता एकच काम. मग मी तुमाला कधी त्रास देणार न्हाय. तुमच्याकडचा समुद्र आणि राजूचा समुद्र एकाच पट्ट्यात हाय, हे मी गोलावर बघितलं. शाळंत जाऊन, कपाटातनं काढायला लावून. तिथं अजून उन्हाळाच असंल. पाण्यात हात घालून बघा आणि मला सांगा, किती गार हाय. बनाबाईला इचारायचंय, त्याला किती येळ लागला असंल. ती इचारत न्हाय, पण मला कळतंय.

गणपतराव


होबार्ट
९ फेब्रुवारी २०२५

गणपतराव,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मी काही केलं नाही. अंतरा म्हणाली, “आई, पाण्याचं तापमान मोबाईलवर मिळतं, मी काढून देते.” मी नको म्हटलं.

आज सकाळी ती मला गाडीनं मोकळ्या समुद्राच्या बाजूला घेऊन गेली. इथून दक्षिणेला पाहिलं तर बर्फापर्यंत मध्ये जमीन नाही. तुम्ही हात घालायला सांगितलं होतं. नुसत्या हातानं कळणार नाही असं मला वाटलं. मी साडीचा ओचा खोचला आणि आत गेले, कमरेपर्यंत. अंतरा काठावरून ओरडत होती. घड्याळ मी हातात उंच धरलं होतं.

जे झालं ते तसंच लिहिते. पहिल्यांदा श्वास अडकला. तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. मग पायाची हाडं दुखायला लागली, दात दुखतात तशी. हे चार मिनिटं चाललं. पाचव्या मिनिटापासून दुखणं कमी झालं. नवव्या मिनिटाला पाय आहेत की नाहीत ते कळेना, आणि पाणी गार आहे हेही कळेना. अकराव्या मिनिटाला अंतरा कपड्यांसकट आत आली आणि मला ओढून बाहेर घेऊन गेली. तोवर माझ्या मनात भीती उरली नव्हती. झोप आल्यासारखं वाटत होतं. मला आणखी थोडं थांबायला चाललं असतं.

एवढं मी स्वतः अनुभवलं. राजवर्धन होता तिथलं पाणी याहून गार असणार, वारा होता, लाटा घराएवढ्या असणार, आणि अंगावर जड कपडे आणि बूट. तो तरुण होता, माझ्यासारखा अडुसष्ट वर्षांचा नव्हता, म्हणजे त्यानं जास्त वेळ हातपाय मारले असतील, हेही मी तुमच्यापासून लपवत नाही. पण त्याला शेवटपर्यंत दुखत राहिलं नसावं. आधी दुखणं गेलं असेल, मग गारठा, मग भीती, आणि तो त्यानंतर गेला असेल. हे मी पाहिलेलं नाही, गणपतराव. हे मला वाटतं. बनाबाईंना सांगताना तसंच सांगा, की बाईंना असं वाटतं.

माझ्या मागच्या पत्रातल्या थट्टेबद्दल क्षमा मागायला माझ्याकडे शब्द नाहीत, म्हणून मागत नाही.

सरोजिनी


कोडोली
४ मार्च २०२५

बाई,

पत्र मिळालं. ह्या खेपेला सूनबाईनं पोस्टमनकडनं घेतलं आणि आमा दोघांना बसवून वाचून दावलं. मधी दोनदा थांबली. बनाबाई म्हणली, “वाच, थांबू नगं.”

तुमाला जे वाटतं ते मी धरलं. बनाबाईनं बी धरलं.

कागदावर सही केली. ती वाकडी आली, कंपनीचा माणूस म्हणला चालतंय.

सही केल्यावर सूनबाईला म्हणलं, “पोरी, तू मोकळी हायस. मी तुला वर्षभर डांबून ठिवलं.” ती आत जाऊन मोबाईल घेऊन आली आणि माझ्या म्होरं धरला. राजूचा मेसेज, पुरा, शेवटच्या ओळीपतूर. ते नाव मी वाचलं. काय हुतं ते तुमाला लिवत न्हाय, ते तिचं हाय. पर बाई, तसं नाव राजूबिगर कुणी लिवणार न्हाय; ते आधी वाचलं असतं तर मला परात लागलीच नसती. तिनं लाजंनं दावलं न्हाय, मी रागानं इचारलं न्हाय.

मागल्या सोमवारी तिला मीच गारगोटीला पोचवून आलो. यष्टीनं गेलो. तिथल्या एका शाळंत तिला काम मिळतंय, लहान पोरांना शिकवायचं. तिच्या बापानं जेवल्याबिगर सोडलं न्हाय. निघताना ती पाया पडली आणि म्हणली, “आबा, पुढच्या महिन्यात येते.” कधी मामंजी सोडून दुसरं म्हणलं न्हवतं तिनं. मी म्हणलं, “ये.” यील का न्हाय ठावं न्हाय. न्हाय आली तरी मी काय म्हणणार न्हाय.

घरात आता आमी दोघंच. जेवताना बोलायला लागलोय थोडं. तिला राजूचं बोलायचं असतं, मला बी. आधी बोलत न्हवतो.

हे पत्र मी लिवतोय आणि बनाबाई बाजूला बसलीय. तिला लिवता येत न्हाय. ती म्हणते, बाईंना माझं एक इचारा. तुमचं पत्र वाचल्यापासनं तिच्या डोक्यात तेवढंच हाय. ती म्हणते, एवढ्या वयाची बाई आपल्यासाठी पाण्यात उभी ऱ्हायली. पाण्यातनं बाहेर आल्यावर अंग नीट कोरडं केलंत न्हवं? आणि प्यायला गरम काय दिलं का कुणी?

गणपतराव